सणासुदीचे भय

भरतमुनींनी भयानकास स्वतंत्र रसाचे स्थान दिले, त्याचा वर्ण काळा सांगितला आणि काल ही त्याची देवता ठरविली. एवढा मान मिळूनही हा रस आमच्या समीक्षेत उपेक्षितच राहिला आहे. शृंगार आणि करुण यांवर ग्रंथ झाले. भयानकाच्या वाट्यास आल्या त्या आगगाडीच्या प्रवासात वाचून बाकावर टाकून द्यावयाच्या कादंबऱ्या आणि शेवटच्या खेळास लावावयाचे स्वस्त चित्रपट. सुशिक्षित मनुष्य भयपट पाहतो, परंतु पाहिल्याचे चारचौघांत सांगत नाही. या संकोचापायी एक नुकसान झाले आहे. चांगला भयपट कोणता आणि वाईट कोणता, हे ठरविण्याची कसोटीच आम्ही तयार केली नाही. ‘भीती वाटली’ किंवा ‘हसू आले’ एवढ्या दोन शेऱ्यांवर आमचे प्रकरण दप्तरी दाखल होते.

प्रस्तुत लेखात या उपेक्षित प्रकाराच्या एका शाखेचा विचार करावयाचा आहे. ती शाखा म्हणजे सणाच्या दिवशी घडणारा, थोडक्या पैशांत काढलेला आणि कालांतराने स्वतःची भक्तमंडळी मिळविणारा भयपट. अशी भक्तमंडळी लाभलेल्या चित्रपटास हल्ली ‘कल्ट’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. विषय प्रथमदर्शनी विलायती वाटेल. नाताळ आणि हॅलोविन हे काही आमच्या घरचे सण नव्हेत. परंतु सण आणि भय यांची सोयरीक आमच्या पंचांगात मुळीच लपलेली नाही.

भाद्रपदाचा सबंध कृष्णपक्ष आम्ही मृतांच्या हवाली करतो आणि सर्वपित्री अमावास्येस ज्यांची तिथी ठाऊक नाही अशांनाही पान वाढतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यातील तरुण मंडळी नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे उभे करतात आणि पहाटे ते जाळतात. महाराष्ट्रात त्याच पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी पायाखाली कारीट चिरडले जाते. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. रोगराई, महागाई, जी काही इडापिडा असेल ती घेऊन जा, असा पुकारा होतो आणि गावाबाहेर नेऊन त्या पुतळ्यांचे दहन होते. १८८० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या या मिरवणुकीतील काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची बांकाबाई, असे परंपरा सांगते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गावाची पीडा बाहेर घालवावयाची तर तिला एक रूप द्यावे लागते, आणि ते रूप देताना लोकांच्या मनास पहिल्यांदा स्त्री आठवते.

या सर्व विधींत एक वस्तू समान आहे, ती म्हणजे उंबरठा. सणाच्या दिवशी घर पूर्ण भरते, म्हणून त्याची सीमा त्या दिवशी फार स्पष्ट होते. आत कोण आणि बाहेर कोण, पानावर कोण आणि पंक्तीबाहेर कोण, हे एरवी झाकलेले प्रश्न तोरण बांधताच उघडे पडतात. सणासुदीच्या भयपटाचे सारे नाट्य या उंबरठ्यावर उभे असते. म्हणून मला सुचलेली कसोटी साधी आहे: हा चित्रपट भयाला उंबरठ्याच्या कोणत्या बाजूस उभे करतो?

पाश्चात्त्य देशांत या प्रकाराची मुळे कागदावर आहेत. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १८४३ साली प्रसिद्ध झाली. तीत कंजूष स्क्रूजला नाताळच्या आदल्या रात्री जी भुते भेटतात ती वस्तुतः त्याच्या हिशेबाची थकबाकी घेऊन आलेली असतात. पुढे एम. आर. जेम्स हे केंब्रिजचे विद्वान नाताळच्या सुटीत आपल्या मित्रमंडळींना स्वतःच्या भूतकथा वाचून दाखवीत. १९७१ पासून काही वर्षे बी. बी. सी.ने दर नाताळास एक भूतकथा दूरचित्रवाणीवर आणली आणि तिच्या प्रारंभीच्या कथा याच जेम्स यांच्या होत्या. शेकोटी, कुटुंब आणि बाहेर गोठलेला काळोख, एवढ्या सामग्रीवर ही परंपरा उभी राहिली.

चित्रपटाने ही सामग्री उचलली त्यामागे आर्थिक कारणही होते. गरीब निर्मात्यास सण फुकटात नेपथ्य देतो. दिवे लागलेले असतात, माणसे नटलेली असतात, आणि प्रेक्षकाच्या मनात त्या दिवसाविषयीची माया आधीच साठलेली असते. ती विकत आणावी लागत नाही. जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोविन’ हा १९७८ सालचा चित्रपट सुमारे सव्वातीन लाख डॉलरांत झाला. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम चिल्लरच होती. खुन्याचा मुखवटा दुकानातून आणलेला होता. एका प्रसिद्ध दूरचित्रवाणी मालिकेतील कप्तानाच्या चेहऱ्याच्या त्या मुखवट्यास पांढरा रंग फासण्यात आला. कथा शरद ऋतूतील, चित्रण मात्र कॅलिफोर्नियात वसंतात झाले. म्हणून पाने रंगवून रस्त्यावर पसरावयाची, दृश्य संपले की ती पुन्हा गोळा करून पोत्यात भरावयाची, आणि दुसऱ्या गल्लीत पुन्हा पसरावयाची. संगीतही दिग्दर्शकानेच दिले. हे दारिद्र्य चित्रपटास बाधले नाही, उलट उपकारक झाले. दाखवावयास फारसे काही नसल्याने दिग्दर्शकास न दाखविण्याची कला साधावी लागली. बीभत्सातून भयानक उत्पन्न होतो असे नाट्यशास्त्र म्हणते खरे. परंतु ‘हॅलोविन’मध्ये रक्त फार थोडे आहे आणि भय पुष्कळ. त्याच्या यशानंतर निघालेल्या अनुकरणांत बहुतेकांनी पानांचे पोते विसरून चाकूच तेवढा उचलला.

परंतु आमच्या कसोटीवर ‘हॅलोविन’पेक्षा दोन कमी गाजलेले चित्रपट अधिक उतरतात, आणि ते दोन्ही कॅनडात निघालेले आहेत. बॉब क्लार्क यांच्या ‘ब्लॅक ख्रिसमस’ या १९७४ सालच्या चित्रपटात नाताळच्या सुटीत एका वसतिगृहातील मुलींना अर्वाच्य दूरध्वनी येतात. पोलीस शोध घेतात तेव्हा कळते की ते याच घरातील दुसऱ्या यंत्रावरून येत आहेत. खुनी माळ्यावर बसलेला आहे. दाराला कड्या घालून काही उपयोग नाही, कारण भीती कडीच्या आत आहे. चित्रपट संपतो तेव्हाही हा माळ्यावरील मनुष्य कोण, हे प्रेक्षकास सांगितलेले नसते.

दुसरा चित्रपट जॉर्ज मिहाल्का यांचा ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’, १९८१. त्याचे चित्रण नोव्हा स्कोशिया प्रांतातील खऱ्या कोळशाच्या खाणीत झाले. कथा खाणकामगारांच्या गावची. व्हॅलेंटाइन दिनाच्या नाचास जाण्याच्या घाईत पर्यवेक्षक खाणीतील वायूची तपासणी न करता वर निघून जातात. स्फोट होतो आणि खाली काम करणारी माणसे गाडली जातात. त्यांतील एक जण जिवंत निघतो, आणि पुढील वर्षी त्याच सणाच्या दिवशी सूड घेतो. प्रमाणपत्र मिळावे म्हणून या चित्रपटातील कित्येक मिनिटांचे रक्तपाताचे चित्रण कापावे लागले होते, आणि पुष्कळ वर्षे त्याच्या भक्तमंडळींची चर्चा या कापलेल्या तुकड्यांभोवतीच फिरत राहिली. मला मात्र त्यातील सर्वांत भयंकर गोष्ट अगदी रक्तहीन वाटते: वर नाच चालला आहे आणि खाली वायू साठतो आहे. वरच्यांच्या सणाची किंमत खालच्यांनी मोजली आहे. राक्षस बाहेरून आलेला नाही. गावाने आपल्या हातांनी तो घडविला आहे.

सिलतऱ्यास राहणाऱ्या माणसास हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील या औद्योगिक वसाहतीत स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत, आणि अशी भट्टी सणासाठी एका दिवसापुरती विझविता येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री शहरात आकाशदिवे लागतात तेव्हाही येथे पाळी बदलण्याचा भोंगा होतो आणि आकाश तांबडे दिसते ते फटाक्यांनी नव्हे.

हिंदुस्थानातील स्वस्त भयपटाची कथा रामसे कुटुंबापासून सुरू करावयाची रीत आहे आणि ती योग्यही आहे. फत्तेचंद रामसे आणि त्यांचे सात पुत्र यांनी चित्रपटाचा कारखाना एकत्र कुटुंबासारखा चालविला. दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन अशी खाती भावाभावांत वाटून घेतली. १९७० सालचा त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ चालला नाही, परंतु त्यातील पृथ्वीराज कपूर यांच्या मुखवटाधारी चोरीच्या दृश्यास प्रेक्षक दचकतात, हे या भावांनी हेरले. त्यातून १९७२ साली महाबळेश्वरास चित्रित झालेला ‘दो गज जमीन के नीचे’ निघाला. पुढे ‘दरवाजा’ (१९७८), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८) असा क्रम लागला आणि १९९३ पासून ‘झी हॉरर शो’च्या रूपाने हे भय घरोघरी पोहोचले. मोठ्या शहरांतील मोठ्या चित्रगृहांनी नाक मुरडले तरी लहान गावांनी हे चित्रपट डोक्यावर घेतले. धूर, हिरवा-तांबडा प्रकाश, कुरकुरणारे दार आणि मधेच येणारे विनोदी उपकथानक, यांची एक भाषाच त्यांनी तयार केली. ज्या समीक्षकांनी त्यांना त्या काळी चार ओळी दिल्या नाहीत त्यांच्या पुढच्या पिढीने त्यांच्यावर प्रबंध लिहिले. हे सर्व रास्तच झाले. श्रमाने आणि हिकमतीने केलेल्या कामाची हेटाळणी करण्याचे कारण नाही.

तथापि गौरव करताना कसोटी बाजूस ठेवावी असे नाही. ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी या नरराक्षसास राजा शिरच्छेदाची शिक्षा देतो, आणि मरताना सामरी शाप देतो की या राजाच्या वंशातील स्त्रिया बाळंतपणात मरतील. शिक्षा देणारा पुरुष, शाप देणारा पुरुष. मरावयाचे मात्र स्त्रियांनी. तरीही तेथे भय निदान राजघराण्याच्या आत शिरलेले आहे, एवढे श्रेय चित्रपटास द्यावयास हवे. ‘वीराना’ची गोष्ट निराळी. त्यात नकिता नावाच्या चेटकिणीने गावास जेरीस आणलेले असते. ठाकुराच्या घरातील पुरुष तिला पकडतो, तिला फाशी देण्यात येते आणि पुढे तिचा आत्मा ठाकुराच्या मुलीत शिरतो. चित्रपट आम्हांस विचारतो ते एवढेच, की आता या मुलीस चेटकिणीपासून कसे सोडवावे. त्या स्त्रीस फाशी देणारे बरोबर होते की नाही, हा प्रश्न त्यात उपस्थितच होत नाही. ती चेटकीण आहे हे कॅमेऱ्याने दाखविले आहे. मग साक्षीपुरावा कशास हवा?

मुंबईतील प्रेक्षकास ही गोष्ट निव्वळ कल्पनेतील वाटत असेल. छत्तीसगढात ती तशी वाटत नाही, आणि याचे कारण पुन्हा एका सणात आहे. हरेली हा येथील शेतकऱ्याचा वर्षातील पहिला सण. उत्तरेकडील गणनेने श्रावणाच्या आणि आमच्या गणनेने आषाढाच्या अमावास्येस तो येतो. म्हणजे ज्या दिवशी महाराष्ट्रात घासूनपुसून लखलखीत केलेले दिवे पाटावर मांडून आपण दिव्याची अवस साजरी करतो, त्याच दिवशी. नांगर, कुदळ, फावडी धुऊन त्यांची पूजा होते, गुळाचा चीला होतो, मुले बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून चालतात. दारास कडुनिंबाच्या डहाळ्या लावल्या जातात आणि लोहार येऊन चौकटीत खिळा ठोकतो. मोठा देखणा सण आहे. परंतु तो लिंब आणि तो खिळा कोणासाठी, असे विचारले की उत्तर मिळते: या रात्री टोनही बाहेर पडते.

टोनही म्हणजे चेटकीण. हा शब्द पूर्वापार ज्यांना चिकटविण्यात आला त्या बहुधा एकट्या, वृद्ध, विधवा अथवा थोडीफार जमीन नावावर असलेल्या स्त्रिया. मूल आजारी पडले, म्हैस आटली, शेजाऱ्याशी बांधावरून वाद झाला, की बोट दाखविण्यास अशी स्त्री सोयीची पडते. त्यानंतर काय होते ते वर्तमानपत्रांत वाचावयास मिळते: मारहाण, विटंबना, गावाबाहेर हाकलणे आणि क्वचित खून. २००५ साली या राज्याने ‘टोनही प्रताडना निवारण अधिनियम’ केला आणि एखाद्यास टोनही ठरविणे हाच गुन्हा मानला. महाराष्ट्रातही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला. ज्या राज्यास असा कायदा करावा लागतो तेथे ‘वीराना’तील फाशी हा केवळ कथेचा प्रारंभ राहत नाही. निंबाची डहाळी घराच्या आतल्यांना निर्दोष ठरविते आणि बाहेरच्या एकीस आरोपी करते. स्वस्त भयपट पुष्कळदा याच डहाळीचे काम करतो.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. चित्रपट पाहून कोणी कोणास टोनही ठरवीत नाही, ही समजूत चित्रपटाहून कितीतरी जुनी आहे. मग तीन तासांच्या करमणुकीवर एवढे ओझे का लादावे? आक्षेपातील पहिला भाग मला मान्य आहे. चित्रपटाने गुन्हा घडविला असे म्हणणे पुराव्याशिवायचे होईल, आणि कात्री लावा, बंदी घाला, अशी मागणी तर मी करणारच नाही. १९८४ साली अमेरिकेत सांताक्लॉजचा वेष घेतलेल्या खुन्याचा ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’ हा चित्रपट पालकांच्या निदर्शनांमुळे चित्रगृहांतून काढून घ्यावा लागला. परिणाम असा झाला की एक सामान्य चित्रपट अमर झाला. त्या निदर्शकांना राग आला होता तो सांताच्या पोषाखाचा. अनाथाश्रमात त्या मुलास ज्या क्रूर शिस्तीने घडविले जाते, तिच्याविषयी मात्र गवगवा झाला नाही. बंदीवाल्यांची दृष्टी अशी वेषाशी थांबते. समीक्षेने वेषाच्या आत पाहावे. करमणूक म्हणून जे घेतले जाते ते निष्काळजीपणे घेतले जाते, म्हणूनच त्यातून काय पदरी पडते हे तपासणे अगत्याचे आहे.

मराठीकडे वळल्यास प्रथम एक गोष्ट जाणवते. आमच्या सणासुदीच्या भयाचे खरे घर पडद्यावर नसून कागदावर आहे. ‘मनोरंजन’चे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळात वाचनाची भर पडली. पुढे या अंकांत भूतकथेने आपली पाने पक्की केली. ‘धनंजय’सारखे अंक तर रहस्य आणि गूढ यांसाठीच ओळखले गेले. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या कथा किती घरांत दिवाळीच्या दुपारी, चकलीचा तुकडा मोडत वाचल्या गेल्या असतील! विलायतेतील नाताळची शेकोटी आणि आमचा दिवाळी अंक हे एकाच कुळातील आहेत. स्वस्त कागद, लेखकास बेताचे मानधन आणि वाचकांची निष्ठा, ही ‘कल्ट’ची तिन्ही लक्षणे येथे त्या शब्दाआधी हजर होती. धारपांचा वाचक प्राध्यापकांच्या यादीची वाट पाहत बसला नाही. त्याने अंक जपून ठेवले.

पडद्यावरील मराठी भयाचा सर्वांत लोकप्रिय नमुना ‘झपाटलेला’ (१९९३). महेश कोठारे यांनी ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ सालच्या अमेरिकन चित्रपटातील कल्पना उचलली हे सर्वश्रुत आहे: मरणाऱ्या गुंडाचा आत्मा मंत्राने बाहुल्यात शिरतो. परंतु उचलेगिरी म्हणून हा विषय संपत नाही. मूळ चित्रपटातील बाहुला फेरीवाल्याकडून विकत घेतलेली वाढदिवसाची भेट आहे; मराठीतील तात्या विंचू हा शब्दभ्रमकाराचा बोलका बाहुला आहे, आणि तो रामदास पाध्ये यांनी घडविलेला आहे. पाध्ये यांच्या घराण्याच्या अर्धवटरावास मराठी माणूस पिढ्यानुपिढ्या हसत आला होता. ज्यास हसलो त्याच जातीचा चेहरा आता दात विचकतो, आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात मंत्र म्हणतो. भय आपल्या हसण्याच्या आतून निघाले, म्हणून लहानपणी दूरचित्रवाणीवर तो पाहिलेली मुले आज तिशी-चाळिशीत आली तरी तात्या विंचूस विसरत नाहीत. चित्रपट विनोदाच्या आहारी गेला आहे, त्याची खोली बेताची आहे. तरी त्याने कोणा दुबळ्यास चेटकीण ठरविले नाही, हेही नोंदले पाहिजे.

२०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आली. कोकणातील वाड्यात अण्णा नाईकांचा मृत्यू होतो आणि त्या निमित्ताने पांगलेले कुटुंब एकत्र जमते. घर भरते आणि घरातील इस्टेटीचे, मत्सराचे, जुन्या पापांचे हिशेब बाहेर पडू लागतात. सणाऐवजी सुतक आहे एवढाच फरक, उंबरठा तोच. अंधश्रद्धा पसरेल म्हणून सिंधुदुर्गात तिला विरोध झाला. तिच्या चांगल्या भागांत मात्र भुतापेक्षा वाटणीची भीती अधिक होती, आणि ती कोणत्याही मराठी घरास ओळखू यावी अशी होती.

या कसोटीवर पुरेपूर उतरणारा मराठी चित्रपट मला वाटतो तो विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७). पात्रे मोजकी, घर एक, सभोवार उसाचे रान. कर्जाच्या भीतीने शहरातून पळालेले जोडपे या घरात आश्रय घेते. स्त्री गरोदर आहे. यजमानीण तुळसाबाई मायेने बोलते, जपते आणि भीतीच्या गोष्टीही सांगते. उषा नाईक यांनी ही दुहेरी माया फार समर्थपणे उभी केली आहे. रानात मुले लपाछपी खेळताना दिसतात. घरातील मंडळींनी सांगितलेली हकिकत आणि घडलेली हकिकत यांतील अंतर हळूहळू उघडते, आणि कळते की जिला दुष्ट आत्मा म्हणून घर भिते तीच या घरातील अत्याचाराची साक्षीदार आहे. पाप आहे ते मुलीचा जन्म नको असलेल्या घराच्या आत. ‘वीराना’ने जो प्रश्न विचारला नाही तो ‘लपाछपी’ विचारते: हिला चेटकीण कोणी म्हटले, आणि का? ऊस दिवसाढवळ्या हलतो आणि अंगावर काटा येतो; दिवसाच्या उन्हात भय उभे करणे हे काळोखात उभे करण्यापेक्षा कठीण आहे. पुढे याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये ‘छोरी’ या नावाने तो हिंदीत केला.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हिंदी भाषेत असला तरी त्याचे रक्त मराठी आहे. श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतील गावाचे नाव, धारपांच्या एका कथेची छाया आणि सतत कोसळणारा कोकणी पाऊस, ही त्याची भांडवली सामग्री. हस्तर हा देवीचा पहिला पुत्र. सोन्यासह धान्याचाही लोभ धरल्याने देव त्यास शिक्षा करतात, देवी त्यास वाचविते, पण कोणीही त्याची पूजा करू नये या अटीवर. म्हणजे ज्याला सणच नाही असा हा देव. विनायकराव त्याच्याकडून मोहरा आणतो आणि ती विद्या आपल्या मुलास शिकवितो. १९१८, १९३३ आणि १९४७ या तीन टप्प्यांत साम्राज्य जाते, स्वराज्य येते. घरातील हाव मात्र वारसाने पुढच्या पिढीकडे वर्ग होते. बाप मुलाच्या हाती दोर देतो त्या क्षणी जे भय वाटते ते हस्तरचे नसते. प्रदर्शनाच्या वेळी या चित्रपटास बेताचेच यश मिळाले; सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक उत्पन्न झाले. स्वस्तातला नसलेला हा चित्रपट ‘कल्ट’ झाला तो अशा रीतीने, प्रेक्षकांनी परत बोलावून.

आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ याच संदर्भात आठवतो. तो २०२२ च्या २६ जानेवारीस प्रदर्शित झाला. डोंबिवलीच्या उंच इमारती आणि जनता नगरची वस्ती यांच्यामधील भिंत, आणि पाण्याच्या कारखान्यातून सुरू झालेली साथ, ही त्याची कल्पना मोठी नामी आहे. गंमतीच्या भरात तिचे टोक बोथट झाले, परंतु मराठी भयपटास कारखाना दिसू लागला ही त्याची जमेची बाजू.

एवढी परंपरा आणि एवढी सामग्री असताना दिवाळीच्याच रात्री घडणारा, मनात घर करून राहील असा मराठी भयपट मला आठवत नाही. कदाचित दिवाळीचे मांगल्य मोडावयास आम्ही धजत नसू. परंतु डिकन्सने नाताळचे मांगल्य मोडले नाही. त्याने नाताळास त्याची थकबाकी दाखविली आणि सण अधिक खरा केला. आमच्याकडेही पानावरचा पहिला घास काढून ठेवण्याची रीत आहे. ज्यांना आज बोलावले नाही त्यांचाही या अन्नात वाटा आहे, ही त्यामागील जाणीव. भयपटाने हेच करावे. भट्टीपाशी रात्रपाळीस उभा असलेला मनुष्य, हरेलीच्या रात्री स्वतःच्याच घरात श्वास रोखून बसलेली वृद्धा, उसाच्या रानात राहून गेलेल्या मुली. यांचा काढून ठेवलेला घास मागावयास जे येते, त्यास आम्ही भूत म्हणतो. त्याच्या तोंडावर दार लावणारे चित्रपट पुष्कळ झाले आणि आणखीही निघतील. त्याचे म्हणणे ऐकून घेणारे थोडे आहेत, आणि टिकून राहतील तेही तेच.